रुपये की युरो?

दोस्तांनो, आज एक कोडं घालतो. पॅरिसच्या दुकानात तुम्ही ४० युरोंचं खेळणं घेतलंत. बाबांनी कार्ड पुढे केलं. यंत्राच्या पडद्यावर दोन आकडे झळकले : ४० युरो आणि ४२८० रुपये. कोणतं बटण दाबाल?

'रुपये!' असंच म्हणालात ना? साहजिक आहे. रुपये आपल्या ओळखीचे! पण खरी गोम तिथेच आहे.

सोयीसाठी समजू, त्या दिवशी १ युरो म्हणजे १०० रुपये. मग ४० युरोंचे झाले ४०००. वरचे २८० आले कुठून? रुपयांचं बटण दाबलं, की युरोचे रुपये करण्याचं काम दुकानातल्या यंत्रामागची कंपनी करते. भाव तीच ठरवते आणि आपला नफा त्यात मिसळून टाकते. याला 'डायनॅमिक करन्सी कन्व्हर्जन' असं भारदस्त नाव आहे.

युरो निवडले, तर व्हिसा किंवा मास्टरकार्डचा भाव लागतो. तो बाजारभावाच्या जवळ असतो. आपली बँकही फुकट राबत नाही, बरं का! तिने साडेतीन टक्के घेतले असं धरलं, तरी होतात ४१४० रुपये. म्हणजे १४० रुपये वाचले! शिवाय रुपये निवडले तरी कित्येक भारतीय बँका वेगळा आकार लावतातच. खिशाला दुहेरी चाट!

एटीएमवरही हाच प्रश्न येतो. तिथे 'कन्व्हर्जन नको' म्हटलं, तर पैसेच मिळणार नाहीत, अशी भीती वाटते. पण पैसे मिळतात. फक्त हिशेब त्या देशाच्या चलनात होतो.

निवड करायचा हक्क कार्डवाल्याचा, हा कार्ड-कंपन्यांचाच नियम आहे. युरोपीय संघात तर २०२० पासून जादा टक्का किती, हे आधी दाखवावं लागतं. पण मागे रांग असते, आई-बाबा दमलेले असतात. अशा वेळी तुमचे ताजे डोळे कामाला लावा. पिन दाबण्याआधी पडदा वाचा. कुणी न विचारता रुपये केलेच, तर 'हे रद्द करून युरोत करा' असं नम्रपणे सांगा. त्यात लाजायचं काय?

आता गृहपाठ. आजीसाठी २५ युरोंची शाल घेतली. यंत्र म्हणतं २७०० रुपये. भाव वरचाच. यंत्राने किती टक्के जादा लावले? काढा पाहू, आणि बाबांकडून तपासून घ्या!