सी.टी. निर्दोष, मुलगा मात्र बदललेला

गेल्या पावसाळ्यात जयगडहून एका परिचित व्यापाऱ्यांचा फोन आला. "भाऊ, मुलाचा सी.टी. स्वच्छ आहे, डॉक्टरांनी घरीही सोडले. मग हा गल्ल्यावर बसून असा का वागतो?" मुलगा चोवीस वर्षांचा. निवळीहून जयगडला परतताना चाफ्याच्या अलीकडे ओल्या रस्त्यावर त्याची मोटारसायकल घसरली होती. डोक्यावर हेल्मेट होते, कवटीला तडाही गेला नव्हता. परंतु शुद्ध यावयास सुमारे सात तास लागले. पाच दिवसांनी घरी आला तो तोच, आणि तरीही वेगळा. नेहमीच्या गिऱ्हाइकाची उधारी विसरे, बेरजेत अडखळे, दुपारी झोपून जाई, आईवर खेकसे. घरच्यांनी निदान केले : आळस.

मी वैद्य नव्हे. रुग्णालयाच्या अभिलेख विभागात उमेदीची वर्षे गेली, एवढाच माझा अधिकार. पण त्या सात तासांचा उल्लेख ऐकताच मी त्यांना मेंदूविकारतज्ज्ञांकडे पुन्हा जाण्यास सांगितले. एम.आर.आय. झाला, तेव्हा मेंदूच्या पांढऱ्या भागात टाचणीच्या टोकाएवढे रक्तस्रावाचे ठिपके दिसले.

या दुखापतीला विखुरलेली, म्हणजे डिफ्यूज, मेंदूदुखापत म्हणतात. डोके वेगाने फिरून एकदम थांबले की मेंदूचे थर एकमेकांवर सरकतात आणि पेशींना जोडणारे लांब तंतू ताणले जातात. अनेक तंतू त्या क्षणी तुटत नाहीत. ते आतून बिघडतात, सुजतात आणि पुढील काही तासांत वा दिवसांत तुटतात. रक्ताची मोठी गाठ नसल्याने सी.टी.त काही न दिसणे अगदी शक्य असते. १९५६ साली सबिना स्ट्रिच या शास्त्रज्ञ महिलेने अपघातानंतर भानावर न आलेल्या रुग्णांचे मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली तपासून या तंतूंचा ऱ्हास दाखवून दिला, तेव्हा सी.टी. यंत्र जन्मासही आले नव्हते. हेल्मेट आघात कमी करते, जीव वाचवते. डोक्याचे फिरणे मात्र ते पूर्णपणे रोखू शकत नाही.

"शस्त्रक्रियेची गरज नाही" या डॉक्टरांच्या वाक्याचा अर्थ आपण "काही झालेले नाही" असा करतो. तेथेच सारी फसगत होते.

आता कागदाकडे वळू, कारण व्यापारी घरात प्रश्न अखेर कागदावरच येतो. विम्याच्या दाव्याच्या अर्जात रुग्णालयाने भरावयाच्या भागात आयसीडी-१० या जागतिक वर्गीकरणाच्या संकेतांकासाठी रकाने असतात. कवटीच्या आतील दुखापतींचा गट एस०६. त्यात एस०६.० म्हणजे कन्कशन, एस०६.२ म्हणजे विखुरलेली दुखापत, एस०६.३ एका जागेची, एस०६.५ आवरणाखालील रक्तस्राव आणि एस०६.९ म्हणजे प्रकार न सांगितलेली. या मुलाच्या पहिल्या कागदावर होते फक्त "डोक्यास मार", आणि संकेतांक एस०६.९. पुढे महिनोन्महिने चालणाऱ्या उपचारांचा खर्च मागितला, तेव्हा विमा कंपनीने विचारले की अशा मोघम दुखापतीसाठी एवढे उपचार कशाला? त्यांच्या बाजूने पाहता प्रश्न अगदीच गैर नव्हता.

संकेतांक देणारा कारकून एम.आर.आय.चा अहवाल वाचून आपल्या मनाने एस०६.२ लिहू शकत नाही, आणि लिहूही नये. उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी निदान शब्दांत नोंदवावे लागते. उलट, जागा न सांगता नुसते "मेंदूस कंट्युजन" लिहिले, तरी आयसीडी-१०च्या मांडणीत ते एस०६.२ मध्येच जाऊन पडते. म्हणून केवळ आकड्यावर विसंबू नये, शब्दही वाचावेत. अमेरिकेतील आवृत्तीत तर बेशुद्धीचा कालावधीही संकेतांकातच गुंफलेला असतो : सहा ते चोवीस तासांसाठी एस०६.२एक्स४. आपल्याकडे ती सोय नसल्याने तो कालावधी केस पेपरवर शब्दांत असावा लागतो. सोबत ग्लासगो कोमा स्केलचा आकडा, ३ ते १५ पैकी, वेळेसह. १९७४ साली टीसडेल व जेनेट यांनी मांडलेले हे माप आजही सर्वत्र वापरले जाते. अपघात किती वाजता झाला, प्रथम हाक कधी ओळखली, सलग आठवण कोठपासून आहे, हे घरच्यांनीच त्या दिवशी लिहून डॉक्टरांस द्यावे. महिन्याने कोणालाच ते नेमके आठवत नाही. दाव्याच्या त्याच अर्जात दुखापतीचे कारण, मेडिको-लीगल नोंद आणि पोलिसांस कळविले किंवा नाही, हेही विचारलेले असते. किरकोळ समजून ती नोंद टाळण्याची आपली सवय महागात पडते.

दुखापतीचा काळ सरून परिणाम उरले, की संकेतांकही बदलतो : टी९०.५, कवटीतील दुखापतीचे उत्तरपरिणाम. स्वभावातील बदल त्यासोबत वेगळा नोंदवावा लागतो. "चिडचिड" हा शब्द घरी पुरतो, फाइलीत पुरत नाही.

जयगडच्या त्या काकांनी पहिल्या रुग्णालयात तीन खेपा घातल्या. दोन वेळा खिडकीवरूनच परत पाठविले गेले. तिसऱ्या वेळी उपचार केलेले डॉक्टर भेटले आणि त्यांनी एम.आर.आय. पाहून तारखेसह पुरवणी नोंद करून दिली. जुनी नोंद खोडली नाही, हे योग्यच झाले. विमा कंपनीचे उत्तर अद्याप यावयाचे आहे. मुलगा सध्या सकाळी दोन तास दुकानात बसतो. उधारीची वही आता ठळक अक्षरांत लिहिली जाते, आणि संध्याकाळचा हिशेब वडील त्याच्याबरोबर बसून करतात.