चांदीची जुनी नाणी घासू नका हो!

परवा सराफ बाजारात एका ओळखीच्या पेढीवर चहा घेत बसलो होतो. चांदवडकडचं एक जोडपं आलं. बाईंनी पिशवीतून रुमालाची पुरचुंडी काढली आणि सात नाणी काउंटरवर ठेवली. आरशासारखी चकचकीत. "आजेसासूबाईंची आहेत. पार काळी पडली होती, काल चिंच आणि रांगोळी लावून घासली," असं त्यांनी कौतुकाने सांगितलं.

पाच राणीछाप होती. दोन मात्र जाड, वेडीवाकडी, हाताने ठोकलेली. फारसी अक्षरांचे पुसट उरलेले एक-दोन फराटे सोडले तर त्यावर वाचण्यासारखं काही नव्हतं. सराफाने ती काट्यावर टाकली आणि त्या दिवसाचा चांदीचा भाव सांगितला. विषय संपला.

मला राहवलं नाही म्हणून हे लिहितोय. होळकरांच्या काळात चांदवडला टांकसाळ होती, तिथला 'चांदवडी रुपया' या भागात चालायचा. खुद्द नाशकातही टांकसाळ होती, त्या रुपयावर शहराचं नाव 'गुलशनाबाद' असं येतं. या नाण्यांचा ठसा नाण्यापेक्षा मोठा असायचा, त्यामुळे प्रत्येक नाण्यावर मजकुराचा तुकडाच उमटायचा. कुठे टांकसाळीच्या नावातली दोन अक्षरं, कुठे सालाचा आकडा. तेवढ्यावरून अभ्यासक ओळखतो की हे नाणं कुठलं आणि कधीचं. ती दोन अक्षरं रांगोळीने गेली की मागे फक्त तोळाभर चांदी राहते. त्या घरातली नाणी चांदवडचीच होती का? आता कुणीच सांगू शकणार नाही.

आपल्याकडे काळं म्हणजे अशुभ, लक्ष्मी कशी लखलखीत हवी. पण नाण्यावरचा तो काळा थर म्हणजे मळ नव्हे. हवेतल्या गंधकाची चांदीशी संयुक्ती होऊन तयार झालेलं ते सिल्व्हर सल्फाइड. म्हणजे वरची चांदीच काळी झालेली असते. तुम्ही घासता तेव्हा मळ नाही, नाण्याची कातडी काढता. रांगोळी म्हणजे दगडाची भुकटी, राख आणि दंतमंजनही त्याच जातीचं. चिंच-लिंबाची तऱ्हा वेगळी. जुन्या चांदीत तांब्याची भेसळ असते (राणीच्या रुपयातही शंभरात आठ भाग तांबं आहे) आणि आम्ल ते तांबं खाऊन पृष्ठभाग भुसभुशीत करतं. इंटरनेटवर अॅल्युमिनियम फॉइल आणि खायच्या सोड्याचा उपाय फिरतो, तो ताटवाटीला ठीक आहे. जुनं नाणं त्याने मेल्यासारखं पांढरं दिसतं.

मी काही शहाणा नव्हतो. बाराव्या वर्षी आजीच्या डब्यातला व्हिक्टोरियाचा रुपया दंतमंजनाने घासून राणीचं नाक सपाट केलंय. आजीने शाबासकी दिली होती.

पण प्रश्न फक्त घरच्या डब्यांचा नाही. १९०६ साली आपल्याच जिल्ह्यात, गोदावरी-दारणा संगमावरच्या जोगलटेंभीला चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. तेरा हजारांवर नाणी, सगळी क्षत्रप नहपानाची. त्यातल्या नऊ हजारांवर नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला. खाली नहपानाचा चेहरा, त्यावर सातवाहनांची टेकडीची खूण. पांडवलेण्यात नहपानाच्या जावयाचे, उषवदाताचे लेख आहेत आणि गौतमीपुत्राने क्षहरातांचं कूळ संपवलं असं सांगणारा लेखही तिथेच आहे. दगडावरच्या त्या दाव्याचा धातूतला पुरावा म्हणजे जोगलटेंभीची नाणी. सातकर्णीने नहपानाला हरवलं, एवढंच नाही तर त्याचं चलनही आपलं करून टाकलं, हे त्या एकावर एक ठशांवरून कळतं. खालचा ठसा अगदी पुसट असतो. तो साठा कुणी 'स्वच्छ' करायला घेतला असता तर?

आज असा हंडा निघाला तर काय होईल, याची मला धास्ती वाटते. सिंहस्थाच्या नावाने जुन्या नाशकात आणि गोदाकाठी खोदकाम सुरूच असतं. जेसीबीवाला, मजूर, शेतमालक सगळे आधी नाणं पाण्याने धुतात, मग पँटला घासतात, मग सोनाराकडे जातात. सरकारकडे कुणी जात नाही, कारण 'सरकार सगळं घेऊन जातं आणि वर केस करतं' हीच समजूत आहे. १८७८ चा निखात निधी कायदा तसं म्हणत नाही. दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचा साठा सापडला तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं. मालक पुढे आला नाही आणि वेगळा करार नसेल तर तीन हिस्से सापडवणाऱ्याचे, एक जमीनमालकाचा. सरकारला साठा हवा असेल तर धातूची किंमत अधिक तिचा पाचवा हिस्सा मोजावा लागतो. लपवलं तर मात्र हक्क जातो आणि वर्षभरापर्यंत कैद होऊ शकते. हे गावच्या तलाठ्याला तरी कुणी सांगितलंय का? आणि धातूच्या किमतीवर पाचवा हिस्सा हा हिशेब १८७८ चा आहे, तो बदलायला हवा हेही खरं. दोन हजार वर्षांच्या नाण्याला मोडीचा भाव देऊन प्रामाणिकपणाची अपेक्षा कशी करायची?

नाशिकसारखी सोय दुसऱ्या कुठल्या जिल्ह्याला नाही, म्हणून जास्त चीड येते. त्र्यंबक रस्त्यावर अंजनेरीला १९८० पासून नाणेशास्त्राची संशोधन संस्था आणि संग्रहालय आहे. डॉ. परमेश्वरीलाल गुप्त यांच्यासारख्या मोठ्या अभ्यासकाने ती उभी केली. पुरातत्त्व खात्याचं कार्यालय सरकारवाड्यात, म्हणजे मी चहा पीत होतो त्या पेढीपासून चालत काही मिनिटांवर. बाजारात मात्र याचा एक फलकही नाही.

घरी जुनी नाणी असतील त्यांनी एवढं करा. नाणं कडेने धरा, बोटांचा घाम चेहऱ्यावर लावू नका. माती चिकटली असेल तर डिस्टिल्ड पाण्यात भिजवून ठेवा आणि मऊ कापडाने टिपून घ्या, पुसू नका. रबरबँड, वर्तमानपत्र, लोकर आणि मऊ प्लास्टिकची पाकिटं लांब ठेवा. त्या पाकिटांमधून हिरवा चिकट थर सुटतो. साध्या चांगल्या कागदाचं वेगळं पाकीट, डब्यात सिलिका जेलची पुडी, बास. धनत्रयोदशीला पंचामृताचा अभिषेक नव्या नाण्याला घाला, जुनं डबीसकट शेजारी ठेवा. लक्ष्मी रागावणार नाही.

त्या गृहस्थांनी शेवटी मला विचारलं, "मग आता ही परत काळी करता येतील का?" काळी होतील, पण अक्षरं येणार नाहीत, असं सांगितलं. बाईंनी दोन्ही नाणी परत रुमालात बांधली.

साठा सापडल्यास धुण्याआधी फोटो, मातीसकट सीलबंद पाकीट आणि अंजनेरी किंवा सरकारवाड्याला त्याच दिवशी फोन, अशी लेखी सूचना प्रत्येक तहसील, पोलीस ठाणं आणि सिंहस्थाच्या ठेकेदाराला द्यावी, दिवाळीआधी सराफ बाजारात फलक लावावा, असं निवेदन सोमवारी जिल्हाधिकारी कार्यालयात देतोय. सही करायची असेल त्यांनी साडेदहाला गेटवर भेटा.