साडेसहाशे शब्दांतला ‘मी’

मराठीच्या तासाला आपण मुलांकडून नदीचे आत्मवृत्त लिहून घेतो, फाटक्या पुस्तकाचे मनोगत लिहून घेतो आणि एखाद्या शेतकऱ्याच्याच मुलाला ‘मी शेतकरी बोलतोय’ हा निबंध मार्गदर्शकातून पाठ करायला लावतो. बारावी होईपर्यंत हा मुलगा झाड, नाणे, छत्री, सीमेवरचा सैनिक अशा सर्वांच्या वतीने प्रथमपुरुषी एकवचनी बोललेला असतो. स्वतःच्या वतीने मात्र तो एकदाही बोललेला नसतो. हा मुद्दा निबंधलेखनाच्या चर्चासत्रात मांडून सोडून देता आला असता. परंतु अमेरिकेतल्या नामांकित विद्यापीठांच्या प्रवेश-अर्जाकडे आम्ही अलीकडे थोडे बारकाईने पाहिले, आणि या मुलाचे नुकसान नेमके कुठे होते ते तिथे फार स्पष्ट दिसले.

हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन यांच्यासह शेकडो संस्थांना चालणारा जो सामाईक अर्ज आहे, त्यात एक मुख्य निबंध असतो. त्याची कमाल मर्यादा ६५० शब्द. विषय कोणताही घ्या, अपेक्षा एकच असते : तू कोण आहेस ते सांग. गुणपत्रिका, परीक्षा, शिफारसपत्रे हे सारे असतेच. पण ज्या ठिकाणी शंभर अर्जदारांतल्या पाचांनाही जागा मिळत नाही, तिथे गुणांनी बरोबरीत आलेल्या हजारोंमधून निवड करताना हा निबंध वाचला जातो. म्हणजे प्रवेशाचा एक दरवाजा चक्क वाङ्मयीन आहे. मराठी साहित्य शिकणाऱ्या-शिकवणाऱ्यांनी याकडे इंजिनिअरिंगवाल्यांचा किंवा श्रीमंतांचा प्रश्न म्हणून पाठ फिरवावी, हे आम्हांला पटत नाही.

श्रीमंतांचा प्रश्न तो पूर्णपणे नाहीही. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, ॲमहर्स्ट अशा मोजक्या संस्था परदेशी अर्जदाराची ऐपत निवडीच्या वेळी विचारात घेत नाहीत आणि निवड झाल्यावर गरजेइतके पूर्ण साहाय्य देतात. पुणे-सोलापूर महामार्गावरच्या, माढा तालुक्यातल्या मोडनिंबच्या मुलीला हे दार कागदोपत्री तितकेच उघडे आहे जितके मुंबईतल्या आंतरराष्ट्रीय शाळेतल्या मुलाला. कागदोपत्री, असे आम्ही मुद्दाम म्हणतो. कारण आर्थिक साहाय्याचा अर्ज घरच्या उत्पन्नाचा हिशेब ज्या भाषेत मागतो, ती पगारदाराची भाषा आहे. उसाचे बिल हप्त्याहप्त्याने येणार, शेतीच्या उत्पन्नाला आयकर नसल्याने विवरणपत्र नाही, हाती आहे तो सातबारा आणि तहसील कचेरीतला उत्पन्नाचा दाखला. इंग्रजीची परीक्षा आता घरबसल्या देता येते खरी, पण तिला तासभर न तुटणारे इंटरनेट आणि जिथे दुसरे कोणी येणार नाही अशी एक खोली लागते. दोन खोल्यांच्या घरात यातले अधिक दुर्मीळ काय, हे वाचकांनी ठरवावे.

आणि तरीही, आमच्या मते, या सर्व अडचणी निबंधापुढे सोप्या आहेत. दाखला भाषांतरित करून घेता येतो, खोली शेजाऱ्याकडे मागता येते. ‘मी’ कुठून आणणार?

तो विकत मिळतो, हे एक उत्तर. पुण्यामुंबईत प्रवेश-सल्लागारांचा मोठा धंदा आहे आणि त्यांचे शुल्क लाखांत जाते. निबंध कसा ‘घडवावा’ याचे एक तंत्र तिथे शिकवले जाते, आणि ते तंत्र आम्हां साहित्यवाल्यांना अपरिचित नाही. आधी संकट, मग संघर्ष, मग एक साक्षात्काराचा क्षण, शेवटी परिपक्वता. ग्रामीण किंवा दलित मुलाला तर हमखास सांगितले जाते की तुझे दारिद्र्य हेच तुझे भांडवल, त्याच्यावर लिही. दुष्काळ, बापाचे कर्ज, आईची मजुरी, सारे साडेसहाशे शब्दांत बसवायचे आणि अखेरच्या परिच्छेदात त्याचे सोने करून दाखवायचे. दुःख सांगू नये असे आमचे म्हणणे नाही. मराठीने तरी ते म्हणूच नये. ‘बलुतं’ १९७८ साली आले, ‘उपरा’ १९८० साली, ‘अक्करमाशी’ १९८४ साली. त्यांपैकी शरणकुमार लिंबाळे तर आमच्या सोलापूर जिल्ह्यातलेच. या पुस्तकांनी मराठी गद्याला जो ‘मी’ दिला, तो विजयी वीराचा नाही. ‘बलुतं’मध्ये दगडू मारुती पवार आपली हकिगत दया पवारांना सांगतो, म्हणजे सांगणारा आणि शिकून लेखक झालेला असा एकच माणूस दुभंगून समोरासमोर बसलेला आहे. शिक्षणाने आयुष्य बदलले, पण ते बदलणे ही सुखान्त गोष्ट नव्हे, हे त्या मांडणीतच आले आहे. सल्लागाराच्या साच्यात ‘बलुतं’ नापास होईल. यात दोष कोणाचा, हे वेगळे सांगायला नको.

या संदर्भात आम्हांला दोन जुने मजकूर पुन्हा वाचावेसे वाटले. पहिला मजकूर खरोखरच प्रवेश-अर्ज आहे.

आनंदीबाई जोशी यांची कथा ‘आनंदी गोपाळ’मुळे घरोघरी पोचली आहे, तिच्यातल्या पत्रव्यवहाराकडे मात्र हवे तितके लक्ष जात नाही. १८८० मध्ये गोपाळरावांनी वाइल्डर या अमेरिकन मिशनऱ्यांना पत्र लिहून पत्नीच्या शिक्षणासाठी साहाय्य मागितले. वाइल्डर यांनी ते आपल्या मासिकात छापले आणि उत्तरादाखल ख्रिस्ती धर्म स्वीकारण्याची वाट दाखवली. ते पत्र न्यू जर्सीतल्या कार्पेंटरबाईंच्या वाचनात आले आणि पुढचा मार्ग त्या ओळखीतून निघाला, हे सर्वश्रुत आहे. पण ते पत्र नवऱ्याने बायकोच्या वतीने लिहिलेले होते. तीन वर्षांनी, जून १८८३ मध्ये, अमेरिकेत पोचलेल्या अठरा वर्षांच्या आनंदीबाईंनी पेनसिल्व्हेनियाच्या स्त्री-वैद्यक महाविद्यालयाला जे पत्र लिहिले, त्यात ‘मी’ त्यांचा स्वतःचा आहे.

त्या पत्राचा युक्तिवाद पाहण्यासारखा आहे. आप्तस्वकीयांचा आणि जातीचा एकत्रित विरोध पत्करून आपण इथवर आलो, तोच निर्धार पुढच्या कामालाही पुरावा, असे त्या सांगतात. माझ्या देशातल्या स्त्रिया पुरुष डॉक्टरांकडून उपचार घेण्यापेक्षा मरण पत्करतात, म्हणून मला हे शिकायचे आहे, असे त्यांचे कारण आहे. स्वतःसाठी काही मागत नाही, कामासाठी जे लागेल ते मागते, असा शेवट आहे. या बाईंचे दहा दिवसांचे मूल दगावले होते. आजचा सल्लागार त्यांना पहिले वाक्य तिथूनच काढायला लावील. पत्राचा सारा भर मात्र कामावर आहे. मला काय झाले यापेक्षा मला काय करायचे आहे, या बाजूला ते झुकलेले आहे. अर्ज मंजूर झाला, शिष्यवृत्ती मिळाली, मार्च १८८६ मध्ये पदवीही मिळाली. आणि फेब्रुवारी १८८७ मध्ये, बावीस वर्षांच्या होण्याआधीच, त्या पुण्यात वारल्या. ज्या कामासाठी पत्र लिहिले होते ते करायला त्यांना अवधी मिळाला नाही. या शोकान्तिकेने पत्राच्या गद्याकडे दुर्लक्ष झाले असावे. अर्जाला वाङ्मय म्हणून कोण वाचतो!

दुसरा मजकूर अर्ज नाही, पण त्याच्या नावात ‘व्हिसा’ आहे. बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये बडोदे संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेले, तेव्हा त्यांना आजच्यासारखा आत्मकथनाचा निबंध लिहावा लागला नव्हता. संस्थानाशी करार होता, परतून दहा वर्षे नोकरी करायची होती, व्यवहार रोखठोक होता. परदेशी वाचकासाठी स्वतःच्या आयुष्यातले प्रसंग त्यांनी लिहिले ते पुढे, १९३५-३६ च्या सुमारास, ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या छोट्या हस्तलिखितात. ते प्रसिद्ध झाले १९९० मध्ये, आणि कोलंबियात ते पाठ्य म्हणून वाचले गेले आहे. परदेशी माणसाला अस्पृश्यता ऐकून माहीत असते पण ती प्रत्यक्षात कशी चालते हे कळत नाही, तेव्हा सामान्य वर्णन करण्यापेक्षा प्रसंग सांगावेत, अशी त्यामागची भूमिका सुरुवातीलाच आहे. मग मसूर स्टेशनवर उतरलेली मुले येतात, ज्यांना महार म्हणून गाडीवान गाडीत घेत नाहीत आणि वाटेत पाणी मिळत नाही. मग १९१७ चा बडोद्याचा प्रसंग : न्यूयॉर्क-लंडनहून शिकून आलेल्या या माणसाला राहायला जागा मिळत नाही, पारशी खानावळीत नाव बदलून राहावे लागते आणि तिथूनही लाठ्या घेऊन आलेले लोक त्याला बाहेर काढतात. परदेशी पदवीने काय बदलते आणि काय बदलत नाही, याचा इतका कोरडा हिशेब आम्ही दुसरीकडे वाचलेला नाही. शेवटचे प्रकरण तर त्यांच्या स्वतःबद्दल नाहीच. सांगणारा हळूहळू बाजूला होतो आणि इतरांवर गुदरलेले प्रसंग पुढे येतात. साक्षात्काराचा परिच्छेद कुठेही नाही.

हे दोन मजकूर आम्ही अभ्यासक्रमात मागतो आहोत का? होय, मागतो आहोत. दोन्ही मूळ इंग्रजीत आहेत ही सबब कोणी पुढे करील. पण दोन्ही मराठी माणसांनी, मराठी मुलखातल्या अनुभवावर, मराठी न जाणणाऱ्या वाचकासाठी लिहिलेले आहेत, आणि मोडनिंबच्या मुलीपुढे नेमके तेच काम आहे. ‘हप्ता’ म्हणजे काय, ‘टोळी’ म्हणजे काय, कारखान्याच्या पट्ट्यात दिवाळीनंतर वर्गातली मुले कमी का होतात, हे न रडता आणि न मिरवता दूरच्या माणसाला समजेल असे लिहिणे ही गद्याची फार मोठी परीक्षा आहे. ती मराठीत आधी उत्तीर्ण झाल्याशिवाय इंग्रजीत होता येणार नाही, असे आम्हांला वाटते. व्याकरण दुरुस्त करणारी यंत्रे आता फुकट मिळतात. काय पाहिले ते सांगणारे वाक्य यंत्र देत नाही.

याच अर्जात उपक्रमांची यादी असते. दहा जागा, प्रत्येकी दीडशे अक्षरे. आमची मुले ती कोरी ठेवतात, कारण नाट्यवाचन, वादविवाद, बुद्धिबळ असले काही त्यांच्या वाट्याला आलेले नसते. वास्तविक त्या यादीत कौटुंबिक जबाबदाऱ्या हा एक स्वतंत्र प्रकार दिलेला आहे. धाकट्या भावंडांना सांभाळणे, रात्रपाळीची वीज आली की मोटर सुरू करायला रानात जाणे, आजीला दवाखान्यात नेऊन डॉक्टरांचे बोलणे तिला समजावणे, हे सारे तिथे लिहिता येते. मुलांना ते लिहिण्याजोगे वाटत नाही. का वाटत नाही, याचे उत्तर आमच्या निबंधाच्या वहीत आहे.

पदव्युत्तर शिक्षणासाठी जाणाऱ्यांची वाट थोडी वेगळी. तिथे राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी वर्षाला ७५ जागांची. केंद्राचीही अशी योजना आहे. मात्र २०२२ मध्ये तिच्या नियमांतून भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतावरील सामाजिक अभ्यास हे विषय वगळण्यात आले. असले विषय देशातच शिकता येतात, असे त्यामागचे समर्थन होते. बाबासाहेबांनी कोलंबियात मे १९१६ मध्ये वाचलेला जातिसंस्थेवरचा निबंध या नियमात बसला नसता. श्रीधर व्यंकटेश केतकरांचा कॉर्नेलमधला, १९०९ मध्ये प्रसिद्ध झालेला, जातिसंस्थेच्या इतिहासावरचा ग्रंथही नाही. ज्ञानकोशाची तयारी ज्या बुद्धीने झाली, तिची मशागत अमेरिकेत भारताचाच अभ्यास करताना झाली होती. साहित्य आणि समाजशास्त्राच्या आमच्या विद्यार्थ्यांना हा नियम सरळ लागतो, आणि तो लागू झाला तेव्हा मराठी विभागांतून जितका आवाज निघायला हवा होता तितका निघाला नाही.

कोणी म्हणेल, आजच्या दिवसांत कशाला हा खटाटोप? मे २०२५ मध्ये अमेरिकी सरकारने हार्वर्डची परदेशी विद्यार्थी घेण्याची मान्यताच रद्द केली आणि न्यायालयाने लगोलग स्थगिती दिली. त्याच सुमारास विद्यार्थी-व्हिसाच्या नव्या मुलाखतींच्या वेळा देणे काही आठवडे थांबले होते. हा काळ अनिश्चिततेचा आहे हे खरे. पण आनंदीबाईंना धर्म बदलण्याची अट आडवी आली होती; तिकडची दारे निर्वेधपणे उघडी होती असा काळ आम्हांला तरी सापडत नाही.

शेवटी शिक्षकांच्या कामाचा एक भाग. शिफारसपत्र शिक्षकाने स्वतः लिहून स्वतः पाठवायचे असते. आपल्याकडे बहुधा त्याऐवजी वर्तणुकीचा दाखला निघतो : अर्जदाराची वर्तणूक चांगली असून त्याच्या उज्ज्वल भवितव्यास शुभेच्छा. त्याहून वाईट रीत म्हणजे मुलालाच मसुदा लिहून आणायला सांगून खाली सही करणे. मग ज्या मुलाला स्वतःविषयी प्रथमपुरुषात लिहिता येत नाही, तो तृतीयपुरुषात स्वतःची स्तुती लिहायला बसतो. शिक्षकाने एवढेच करावे : या मुलीने वर्गात कोणता प्रश्न विचारला, कोणत्या कवितेवर ती आपल्याशी भांडली, वर्षाच्या सुरुवातीचे तिचे लेखन आणि शेवटचे लेखन यांत काय फरक पडला, हे लिहावे. अनेक विद्यापीठांची मुदत १ जानेवारीला संपते, तेव्हा हे लिहायला बसायचे ते दिवाळीच्या सुट्टीत.