चित्रं काय खायची आहेत?

सरकारनं कलेवर पैसा खर्च करायचं म्हटलं की आमच्या शहापूर-मुरबाडकडे हा प्रश्न ठरलेलाच. आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. भातसा, तानसा शहापूर तालुक्यात, त्यांचं पाणी मुंबईला, आणि उन्हाळ्यात इथल्या पाड्यांवर टँकर!

पण मंडळी, 'आधी पोट, मग चित्र' म्हणताना आपण विसरतो की चित्र काढणाऱ्यालाही पोट असतं.

१९६६-६७ च्या बिहारच्या दुष्काळात अखिल भारतीय हस्तकला मंडळानं भास्कर कुलकर्णी या मराठी चित्रकाराला मधुबनीला पाठवलं. भिंती रंगवणाऱ्या बायकांना त्यांनी कागद दिले. चित्रं विकली गेली, घरात पैसा आला. दुष्काळी कामच होतं ते! तेच कुलकर्णी पुढे डहाणूच्या वारली पाड्यांवर गेले. (डहाणू तेव्हा आपल्याच ठाणे जिल्ह्यात.) त्यातूनच जिव्या सोमा मशे जगाला कळले, २०११ साली पद्मश्री. अमेरिकेनंही १९३५ साली, मंदीत, बेकार चित्रकारांना सरकारी पगारावर चित्रं काढायला लावलं होतं.

शहरातल्या पुलाखाली ठेकेदाराकडून वारली नक्षी काढून घ्यायची आणि त्याला कलेची सेवा म्हणायचं, हे मात्र मला मान्य नाही. त्यात वारल्याच्या हाती काय पडलं?

माझं म्हणणं साधं आहे. टंचाईच्या वर्षी शहापूर-मुरबाडच्या शाळा-अंगणवाड्यांच्या भिंती इथल्याच हातांनी रंगवून घ्या, रोजची मजुरी रोख द्या. टँकर हवेतच. पण मजुरीही हवी, आणि ती खडी फोडूनच मिळाली पाहिजे असं कुठे लिहिलंय?