लूनालाही मानाची जागा हवी

जुन्या वाहनांचे प्रदर्शन म्हटले, की संस्थानिकांच्या रोल्स-रॉईस आणि बेंटली गाड्या डोळ्यांसमोर उभ्या राहतात. दिल्लीत ‘स्टेट्समन’ दैनिकाने 1964 साली अशा गाड्यांची मिरवणूक सुरू केली आणि पुढे मुंबई-पुण्यातही हा छंद रुजला. छंद वाईट नाही. परंतु त्याच्या मुळाशी एक समजूत घट्ट रुतून बसली आहे. जे महाग होते, थोरांच्या दारी उभे होते, तेच जतन करण्याजोगे, अशी ती समजूत होय. शाळामास्तर आणि कचेरीतला कारकून ज्या वाहनावर बसून आयुष्यभर कामाला गेला, त्याच्या वाट्याला मात्र भंगारवाल्याचा तराजू येतो.

निदान अहिल्यानगरने तरी ही समजूत बाळगू नये. 1972 हे वर्ष जिल्ह्याला दुष्काळामुळे आठवते. त्याच वर्षी किनेटिक इंजिनिअरिंगची लूना बाजारात आली, आणि ती घडली तेव्हाच्या अहमदनगरच्या कारखान्यात. मुंबई विधानसभेचे सभापतिपद भूषविलेल्या कुंदनमल फिरोदियांचे चिरंजीव हस्तीमल फिरोदिया हे या उद्योगाचे प्रवर्तक. मूळ नमुना इटलीच्या पियाज्जिओ कंपनीच्या ‘चाओ’ गाडीचा; पण तो आपल्या रस्त्यांवर मुरला तो इथलाच होऊन. स्कूटरसाठी वर्षानुवर्षे नंबर लावून बसावे लागे, असा तो काळ. पुढच्याच वर्षी जगभर तेलाचे भाव भडकले. अशा वेळी अवघ्या 50 सीसीच्या इंजिनाने कमी पगाराच्या माणसाला सायकलीवरून उचलले, हे उपकार लहान नव्हेत. चढ आला की पायडल मारून इंजिनाला हातभार लावावा लागे, ही त्या गाडीची चेष्टाही होती आणि तिच्याविषयीच्या जिव्हाळ्याचे कारणही.

अशी लूना आज जपणाऱ्याचा आनंद म्हणूनच वेगळ्या जातीचा असतो. त्याला यांत्रिकाची फौज लागत नाही. प्लग काढून काजळी खरवडावी, कार्बोरेटर धुवावा, पेट्रोलमध्ये ऑइलचे प्रमाण नेमके साधावे. रविवारची सकाळ सार्थकी लागते. एखाद्या सुट्या भागासाठी जुन्या बाजारात केलेली पायपीट हाही त्यातलाच भाग. आणि गाडी लोकांसमोर मांडली, तर रोल्स-रॉईसपुढे माणसे अदबीने दूर उभी राहतात, लूनापाशी मात्र बोलू लागतात. कोणाच्या वडिलांची लूना हिरवी होती, कोण तिच्यावरून परीक्षेला गेले होते! प्रदर्शनाचे याहून मोठे यश कोणते?

अडचण आहे ती नियमांची. केंद्र सरकारने 2021 साली जुन्या वाहनांसाठी स्वतंत्र नियम केले. पहिल्या नोंदणीला 50 वर्षे उलटलेली, मूळ स्वरूपात राखलेली आणि मोठे फेरफार न झालेली दुचाकी वा चारचाकी ‘व्हिंटेज’ ठरते. 2022 पासून पहिल्या लूना वयाने या व्याख्येत बसू लागल्या. परंतु ‘मूळ स्वरूप’ ही अट कोणाला सोपी? गॅरेजमध्ये कापडाखाली झाकलेल्या राजेशाही मोटारीला. गरिबाची गाडी रोज राबते आणि रोज दुरुस्त होते. मिळेल त्या भागावर ती चालते. तिच्यातील बदल हाच तिचा इतिहास होय. शिवाय नव्याने नोंदणी करायची तर शुल्क 20,000 रुपये, म्हणजे त्या काळच्या लूनाच्या किमतीच्या कितीतरी पट. लहान इंजिनाच्या दुचाकींना या शुल्कात सवलत आणि दुरुस्तीच्या अटीत थोडी मोकळीक मिळणे न्यायाचे ठरेल.

जतन कसे करावे, हे या शहराला शिकवावे लागत नाही. येथील रणगाडा संग्रहालयात 1994 पासून रोल्स-रॉईसच्या चिलखती गाडीपासून 1965 च्या युद्धातील पॅटन रणगाड्यापर्यंतची वाहने मांडलेली आहेत, आणि शाळांच्या सहली ती पाहायला येतात. 2024 साली विजेवर चालणारी ई-लूना आल्याने नावही पुन्हा ऐकू येऊ लागले आहे. महानगरपालिकेची वा एखाद्या अभियांत्रिकी महाविद्यालयाची एक खोली, तीत सुपर, डबल प्लस, टीएफआर अशी चार-सहा मॉडेल्स आणि एक उघडून ठेवलेले इंजिन, एवढे जमले तरी प्रारंभ होईल. लूना चालविलेली आणि दुरुस्त केलेली पिढी हयात आहे, तोवरच हे काम हाती घेतले पाहिजे.