मॅपवरचा मटका

व्हॅलोरंट या व्हिडिओ गेमच्या सामन्यात पहिला मॅप (म्हणजे सामन्याचा एक डाव) कोण मारणार, यावर डोंबिवली लोकलमध्ये पोरं हमरीतुमरीवर येतात. खुशाल येऊ द्यात. माझा आक्षेप त्या वादाला पैशांचा भाव लावण्याला आहे. पॉलीमार्केटसारख्या परदेशी भाकीत-बाजारांत एकेका मॅपचे सौदे होतात. आपल्याकडे ऑगस्ट २०२५च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैसे लावून चालणारे खेळ बंद केले आणि प्रोबो या अ‍ॅपने आपला ‘हो-नाही’चा व्यवहार गुंडाळला. आता ‘हा जुगार कसला, हा तर ज्ञानाचा बाजार’ अशी वकिली होते. ती जरा तपासून पाहू.

पहिला दावा कौशल्याचा: संघांचा अभ्यास लागतो, म्हणून हा जुगार नाही. अभ्यास तर मटका लावणाराही करायचा. जुन्या आकड्यांचे तक्ते समोर घेऊन बसायचा. मटक्याचा उगमच न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातल्या उघडत्या आणि बंद भावांवरच्या पैजेत आहे. (कल्याण शहर त्यात फुकट बदनाम झालं, ‘कल्याण मटका’ हे नाव कल्याणजी भगत यांच्यावरून पडलं.) अभ्यास केला तरी पैज पैजच राहते. नवा कायदाही कौशल्य की नशीब या वादात शिरत नाही.

दुसरा दावा: हजारोंच्या पैशातून खरी शक्यता कळते, निवडणुकीत कळते तशी. पण निवडणूक लाखो मतदारांच्या हातात असते, मॅप दहा खेळाडूंच्या. सरावात कुठला डाव बसला नाही, कोणाचं मनगट दुखतंय, हे आतल्यांनाच ठाऊक. प्रक्षेपणही बहुधा मुद्दाम उशिराने दाखवतात. हॉलमध्ये बसलेल्याला राउंडचा निकाल तुमच्याआधी कळतो. ज्याला आधीच माहीत आहे, त्याचा खिसा तुम्ही भरता.

आणि मुख्य धोका पुढेच आहे. तीनपैकी दोन मॅप जिंकले की सामना खिशात. म्हणजे एक मॅप विकूनही संघ विजेता राहतो, आणि कोणाला संशयही येत नाही. २०१० साली लॉर्ड्सवर पाकिस्तानच्या गोलंदाजांनी सामना विकला नव्हता, फक्त नोबॉल विकले होते. अमेरिकेच्या आयबायपॉवर संघाने २०१४ मध्ये काउंटर-स्ट्राइकचा सामना जाणूनबुजून सोडला, तेव्हा तो खेळ बनवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीने त्यात गुंतलेल्यांवर बंदी घातली. पैजेचा तुकडा जितका लहान, तितका तो विकायला सोपा.

बंदीने धंदा भूमिगत होतो, हा आक्षेप मात्र खरा आहे. १८८७चा मुंबई जुगार प्रतिबंधक कायदा असूनही मटका फोफावलाच. तरी चोरून चालणारा धंदा आणि जाहिराती करून यूपीआयवर चालणारा धंदा, यांची मजल सारखी नसते. दुसरा थेट अठरा-एकोणीस वर्षांच्या पोराच्या खिशात पोचतो.

मग करायचं काय? २०२५च्या याच नव्या कायद्याने ई-स्पोर्ट्सला मान्यता दिली आहे. ती कागदावरून खाली उतरवू. ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या कॉलेजांनी आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा भरवाव्यात. भाकितंही ठेवावीत, पण गुणांची: मॅप ठरला की प्रत्येकाने आपला अंदाज आणि त्यामागचं कारण लिहून द्यावं, हंगामाअखेर गुणतालिका लावावी. त्यातून विश्लेषक, समालोचक, प्रशिक्षक घडतील. भाकितात खरोखर ज्ञान असेल, तर ते या तालिकेतही दिसेल. पैसे काढून घेताच ज्याचा रस आटतो, त्याला खेळाचा कैवार घेण्याचा अधिकार नाही.