पक्षरहित सभागृह : गुण कोणता आणि भ्रम कोणता?

पक्षोपपक्षांच्या भांडणांस विटलेल्या सुशिक्षितांस पक्षरहित राज्यकारभाराचे स्वप्न अधूनमधून पडतच असते, आणि अशा वेळी कॅनडातील वायव्य प्रदेशाचा दाखला पुढे करण्याचा मोह सहज होतो. तेथील विधिमंडळात पक्ष नाहीत. सभासद वर्तुळाकार सभागृहात बसून सहमतीने कारभार करितात. आणि ही रीत म्हणजे त्या भूमीतील मूळच्या लोकांचा पुरातन वारसा होय, असे सांगण्यात येते. हे अर्धसत्य आहे. आणि अर्धसत्य हे निखळ असत्याहून अधिक फसवे असते.

या प्रदेशात पूर्वी दक्षिणेकडील विस्तीर्ण गवताळ मैदानेही मोडत. १८९७ पासून १९०५ पर्यंत तेथे मुख्य प्रधान असलेले फ्रेडरिक हॉल्टेन हे पक्षपद्धतीचे कट्टर विरोधक. पण ते इंग्लंडात जन्मलेले वकील होते, मूळच्या लोकांपैकी नव्हते. ओटावाच्या केंद्र सरकाराशी पैसा व अधिकार यांसाठी झगडावयाचे तर आपसांत फूट नको, असा त्यांचा व्यवहारी हिशोब होता. १९०५ साली आल्बर्टा व सस्कॅचेवान हे प्रांत निराळे निघाले. सस्कॅचेवानचे प्रधानपद लिबरल पक्षाच्या वॉल्टर स्कॉट यांस मिळाले, आणि पक्षांचे वैरी हॉल्टेन यांस प्रांतिक हक्कांच्या नावाने स्वतःच एका पक्षाचे पुढारी व्हावे लागले.

उरलेल्या उत्तर भागात मात्र पक्ष खरोखरीच उरला नाही. पण त्याबरोबर प्रजेचा आवाजही उरला नाही! सर्व सत्ता एका कमिशनरच्या हाती गेली. १९२१ पर्यंत त्याचे मंडळ नेमण्याचीदेखील तसदी कोणी घेतली नाही. नेमले तेही ओटावातील सरकारी नोकरांचे. १९५१ साली प्रथम तीन सभासद निवडून आले, ते केवळ मॅकेन्झी विभागातून. राजधानी प्रदेशात, यलोनाइफ येथे, आली ती १९६७ साली. पक्षाभाव हाच जर सद्गुण, तर १९०५ ते १९५१ हा काळ त्या प्रदेशाचे सुवर्णयुग मानावा लागेल!

१९७५ साली मंडळातील सर्व १५ जागा लोकनियुक्त झाल्या व मूळच्या लोकांचे बहुमत झाले. तेथून सहमतीच्या रीतीत प्राण आला. सर्वांचे ऐकून मग ठरवावयाचे, या डेने व इनुइट लोकांच्या सवयीचा त्यात वाटा आहे, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु संस्था केवळ सवयीवर टिकत नाहीत. आज १९ सभासदांपैकी मुख्य प्रधान व सहा मंत्री मिळून सात, अध्यक्ष एक, आणि बाकीचे अकरा मंत्रिमंडळाबाहेर असतात. अर्थात् सरकार नेहमीच अल्पमतात. बाहेरच्यांपैकी काहींचे मन वळविल्यावाचून त्याचे अंदाजपत्रक मंजूर होत नाही. खरा गुण तो हा. १९९९ साली याच प्रदेशातून निराळ्या झालेल्या नुनाव्हुटनेही हीच रीत ठेविली. तेथे नोव्हेंबर २०१७ मध्ये सभासदांनी निवडलेले मुख्य प्रधान पॉल क्वासा यांस त्याच सभासदांनी जून २०१८ मध्ये अविश्वासाच्या ठरावाने पदच्युत केले.

याची किंमतही पडते. मुख्य प्रधान सभासदच आपसांत गुप्त मतदानाने निवडतात. त्यामुळे पुढील सरकार कोणाचे व त्याचे धोरण कोणते, याचा पत्ता मत देताना मतदारास नसतो. पक्ष ही पीडा असेल; पण मोडलेल्या वचनाचा जाब विचारावयास तो निदान एक धनी तरी असतो.

तेव्हा पक्ष मोडा म्हणणाऱ्यांस आमचा एकच प्रश्न आहे. सरकारास खाली खेचण्याइतकी स्वतंत्र माणसे तुमच्या सभागृहात मंत्रिमंडळाबाहेर असतील काय? नसतील, तर तुम्ही १९७५ नव्हे, १९०५ मागत आहां. आणि त्या राज्यात पक्ष नव्हता हे खरे, पण ऐकून घेणाराही कोणी नव्हता.